मेद-प्रथिन आंतरक्रिया, पेशीपटलातील

पेशीपटलातील मेदद्रव्ये (लिपिडे) आणि त्यांत रुतलेली प्रथिने यांचा परस्परांच्या रचनेवर व कार्यावर होणारा परिणाम. पटल द्विस्तरी असते, हे ई. गॉर्टर व एफ. ग्रेंडेल यांनी १९२५ मध्ये तांबड्या पेशींतून काढलेल्या मेदाचा एकेरी थर पेशींच्या पृष्ठाच्या दुप्पट भरतो, असे मोजून मांडले. त्यांच्याकडून मेद पुरता निघाला नव्हता आणि पेशीचे क्षेत्रफळही कमी धरले गेले होते; दोन चुकांनी एकमेकींना खोडले आणि उत्तर बरोबर आले.

एस. जे. सिंगर व जी. एल. निकोलसन यांच्या द्रव-कुट्टिम (फ्लुइड मोझेइक) प्रतिरूपात (१९७२) मेद हा प्रामुख्याने प्रथिनांना तरंगत ठेवणारा द्राव मानला होता. मेदाचा थोडा अंश प्रथिनांशी विशेष जोडलेला असू शकेल, ही पुस्ती त्यातही होती. पाठ्यपुस्तकांतून ती बहुधा गळते. १९७३ मध्ये पी. सी. जोस्ट, ओ. एच. ग्रिफिथ व सहकाऱ्यांनी सायटोक्रोम ऑक्सिडेज या प्रथिनाभोवती जवळजवळ खिळलेल्या मेदाचा थर असल्याचे इलेक्ट्रॉन स्पिन संस्पंदनाने दाखवले. या ‘सीमावर्ती मेदा’वरून बराच वाद झाला, कारण अणुकेंद्रीय चुंबकीय संस्पंदनात असा वेगळा थर दिसेना. यात एका पक्षाची मोजणी चुकली होती असे मानण्याचे कारण नाही. प्रथिनाला टेकलेला रेणू सेकंदाच्या साधारण एक कोट्यंशात जागा सोडतो. पहिल्या तंत्राला तेवढ्यात तो थांबलेला दिसतो. दुसरे तंत्र संथ असल्याने त्याला आतल्या-बाहेरच्या रेणूंची सरासरीच मिळते. त्यामुळे प्रथिनाभोवतीच्या मेदथराला ‘कडे’ म्हणतात, तो शब्द जपून वापरावा. कॅल्शियम पंपाभोवती (पटलापार कॅल्शियम नेणाऱ्या प्रथिनाभोवती) सुमारे ३० मेदरेणू मावतात, पण ते सतत बदलत असतात.

जाडीचा मेळ हा दुसरा मुद्दा. द्विस्तराचा जलविरोधी गाभा सुमारे ३ नॅनोमीटर जाड असतो. पटलात रुतलेल्या प्रथिनाच्या सर्पिल (मळसूत्री) भागातील प्रत्येक ॲमिनो आम्ल ०·१५ नॅनोमीटर उंची व्यापते, म्हणून पटल ओलांडायला सुमारे २० पुरतात. मेळ बसला नाही तर सर्पिल कलते किंवा जवळच्या मेदशृंखला ताणल्या वा आखडल्या जातात. कॅल्शियम पंप १८ कार्बनी शृंखलांच्या मेदात उत्तम चालतो. १४ किंवा २४ कार्बनी शृंखलांत मंदावतो.

काही मेदरेणू मात्र प्रथिनाच्या ठरावीक खाचेत बसतात. चार शृंखलांचे कार्डिओलिपिन तंतुकणिकांतील श्वसनसंकुलांना घट्ट धरते. फॉस्फॅटिडिलइनोसिटॉल बिसफॉस्फेट हा मेदरेणू पोटॅशियमच्या अंतर्गामी मार्गिका (‘किर’ नावाची प्रथिने) उघडायला लागतो. बीटा-२ ॲड्रिनर्जिक ग्राही (ॲड्रिनॅलिनचा संदेश घेणारे प्रथिन) याच्या स्फटिकरचनेत कोलेस्टेरॉल दिसले आहे. स्फटिकासाठी प्रथिन अपमार्जकाने (डिटर्जंटने) वेगळे करताना सैल रेणू धुऊन जातात आणि चिवट तेवढे उरतात. अशा चित्रांवरून जिवंत पटलातला शेजार ठरवणे घाईचे होईल.

के. सायमन्स व ई. इकोनेन यांनी १९९७ मध्ये मांडलेले ‘मेदतराफे’, म्हणजे कोलेस्टेरॉल व स्फिंगोलिपिड यांनी समृद्ध आणि निवडक प्रथिने गोळा करणारे ठिपके, अद्याप वादात आहेत. कृत्रिम पटलांत अशी विभागणी सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. जिवंत पेशीत हे ठिपके असलेच तर फार लहान व क्षणजीवी असावेत.

ठरावीक मेदरेणू लागणाऱ्या किरसारख्या प्रथिनांच्या उलट, जिवाणूंच्या ‘एमएससीएल’ या ताणसंवेदी मार्गिकेला कोणताही विशेष मेदरेणू लागत नाही. पाणी शिरून पेशी फुगली की द्विस्तराचा ताणच तिला उघडतो.