प्रकट मुलाखत

लेखक, कवी, अभ्यासक किंवा विचारवंत यांच्याशी व्यासपीठावर, श्रोत्यांसमोर केलेले ठरवून आखलेले संभाषण म्हणजे प्रकट मुलाखत. साहित्य संमेलने, ग्रंथोत्सव, व्याख्यानमाला आणि वाचनालयांचे वर्धापनदिन येथे हा प्रकार ‘लेखक तुमच्या भेटीला’, ‘संवाद’, ‘दिलखुलास गप्पा’ अशा नावांनी पत्रिकेवर छापलेला असतो. व्याख्यानात काय बोलायचे ते वक्ता ठरवतो. परिसंवादात चार-पाच जणांना दहा-दहा मिनिटे वाटून दिलेली असतात. मुलाखतीत विषयाचा लगाम मुलाखतकाराकडे असतो, आणि तो त्याने श्रोत्यांच्या वतीने धरलेला असतो. छापील मुलाखतीत मागाहून काटछाट करता येते, इथे ती करता येत नाही.

मराठीत सभा ऐकण्याची सवय जुनी आहे. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि १८७८ मध्ये रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पहिले ग्रंथकार संमेलन भरले. त्या काळी व्यासपीठ भाषणाचेच होते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि दोन खुर्च्या, मध्ये छोटे टेबल हे दृश्य घरोघरी ओळखीचे झाले. पुढे सुधीर गाडगीळ यांच्यासारख्या मुलाखतकारांमुळे व्यासपीठावर प्रश्न विचारणे हा स्वतंत्र व्यवसाय होऊ शकतो हे दिसले. परदेशात, ब्रिटनमधील चेल्टनहॅम (१९४९), एडिंबरा (१९८३) आणि हे-ऑन-वाय (१९८८) येथील महोत्सवांत लेखकाशी संभाषण हाच मुख्य कार्यक्रम असतो. २००६ पासून भरणाऱ्या जयपूरच्या महोत्सवाचा साचाही तोच. मराठी संमेलनात मात्र अध्यक्षीय भाषण, ठराव, कविसंमेलन आणि परिसंवाद यांच्यामध्ये जी फट उरते तिच्यात मुलाखत बसवलेली असते. तिच्या बहुतेक अडचणींचे मूळ इथेच आहे. पुढचे विवेचन मुख्यतः ठाणे आणि नवी मुंबई डोळ्यांपुढे ठेवून केले आहे.

ठाणे व नवी मुंबई

‘महाराष्ट्र सारस्वत’ या मराठी वाङ्मयेतिहासाचे लेखक विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने ठाण्यात १८९३ मध्ये मराठी ग्रंथ संग्रहालय स्थापन झाले. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या शहरात १९६०, १९८८ आणि २०१० मध्ये भरले. अध्यक्ष अनुक्रमे रा. श्री. जोग, वसंत कानेटकर आणि उत्तम कांबळे होते. मासुंदा तलावाकाठचे गडकरी रंगायतन १९७८ चे. जानेवारीतील रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमालेला येणारा नौपाड्यातला श्रोता वेळेवर येतो, वही आणतो आणि वक्त्याचे चुकलेले साल मध्यंतरात सांगतो. नवी मुंबईत वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह हे अशा कार्यक्रमांचे नेहमीचे ठिकाण. श्रोता तिथे तुलनेने विखुरलेला, नेरूळ, ऐरोली, पनवेलहून येणारा.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्याआधी पाऊस आणि गणपती-नवरात्र, नंतर परीक्षा. १४ ते २८ जानेवारीचा मराठी भाषा पंधरवडा आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन या काळात एकाच संध्याकाळी गावात तीन-तीन मुलाखती असतात आणि चांगला मुलाखतकार एकही मोकळा सापडत नाही. म्हणून त्याची तारीख पाहुण्याच्याही आधी पक्की करावी. उघड्या मैदानावर ध्वनिक्षेपकाची परवानगी लागते. रात्री दहानंतर तो बंद ठेवावा लागतो, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर केलेले असू शकते. ठाण्याच्या जुन्या भागात हे अंतर बऱ्याच मैदानांना आडवे येते, हे जागा ठरवण्यापूर्वीच पाहावे.

वेळेचा हिशेब

मुलाखत कंटाळवाणी झाली की दोष प्रश्नांना दिला जातो. प्रत्यक्षात ती बहुधा घड्याळात बिघडलेली असते. नाट्यगृह ९० मिनिटांसाठी मिळाले आहे असे धरू. लोकलने येणारे श्रोते पोहोचेपर्यंत १२ मिनिटे जातात. दीपप्रज्वलन आणि प्रतिमापूजन ७. पंखा बंद करायला कोणीतरी धावते, वात दोनदा विझते. प्रास्ताविक १०, पाहुण्यांचा परिचय ६, पाच जणांचे शाल-श्रीफळ आणि प्रत्येकाचा फोटो ८. एकूण ४३. शेवटी आभाराची ५ मिनिटे वजा केली की ४२ उरतात. त्यातली १२ श्रोत्यांच्या प्रश्नांना दिली की ज्यासाठी सारे जमले त्या संभाषणाला अर्धा तास. आणि रात्री साडेआठचा नाटकाचा प्रयोग असेल तर पावणेआठलाच रंगमंचावर नेपथ्याची माणसे येऊन उभी राहतात.

यावर उपाय ठाऊक असलेलेच आहेत, अडते ते संकोचाशी. सत्कार शेवटी घ्यावा, किंवा कार्यक्रमाआधी ग्रीनरूममध्ये उरकावा. परिचय पत्रिकेवर छापावा. व्यासपीठावर तो दीड मिनिटापेक्षा लांबला की पाहुणा खाली पाहू लागतो. मध्येच एखादे मान्यवर आले तर त्यांना पहिल्या रांगेत बसवावे आणि सुरू असलेले उत्तर संपल्यावर सूत्रसंचालकाने एका वाक्यात स्वागत करावे. उत्तर अर्ध्यावर तोडून पुष्पगुच्छ दिला की पाहुणा ‘मी काय सांगत होतो?’ असे विचारतो आणि तो धागा पुन्हा हाती लागत नाही. हे त्या क्षणी ठरवता येत नाही. मान्यवरांच्या निमंत्रणपत्रातच ‘सत्कार समारोपाच्या वेळी’ असे लिहिलेले असावे.

तयारी

कादंबरीकाराची मुलाखत घेणाऱ्याने निदान तीन पुस्तके वाचावीत: पहिले, गाजलेले आणि सर्वांत अलीकडचे. वाचनाला तीन आठवडे धरावेत. १२ ते १५ प्रश्न काढावेत. तासाभरात त्यांतले सात-आठच विचारले जातात. ते कागदावर सलग लिहिण्यापेक्षा पोस्टकार्डाएवढ्या जाड कार्डांवर, प्रत्येकी एक असे लिहिले तर क्रम ऐनवेळी बदलता येतो. पातळ कागद पंख्याने उडतो आणि माइकमध्ये कुरकुरतो. मोबाइलवरून प्रश्न वाचू नयेत. मुलाखतकार घरचा निरोप पाहत आहे असेच पाचव्या रांगेला वाटते.

पाहुण्याशी आधी एकदा बोलावे, पण तालीम करू नये. उत्तम किस्सा फोनवर सांगून झाला की व्यासपीठावर त्याची दुसरी आवृत्ती निघते, आणि तीत ‘मी तुम्हाला परवा म्हटलं तसं’ हे शब्द हमखास येतात. आधीच्या बोलण्यात तीनच गोष्टी ठरवाव्यात: कोणता खाजगी विषय टाळायचा, कोणता उतारा वाचायचा आणि पहिला प्रश्न कोणता. मतांबद्दल मात्र कुंपण मान्य करू नये. आपल्याच लेखातल्या भूमिकेवर प्रश्न नको म्हणणाऱ्या विचारवंताला व्याख्यानाला बोलवावे.

उतारा एक-दीड पानांचा पुरे. मराठी वाचन मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्दांनी होते, म्हणजे २८० शब्दांच्या पानाला अडीच मिनिटे. पुस्तकात खूणचिठ्ठी घालून ठेवावी आणि वाचनाचा चष्मा पाहुण्याच्या खिशात आहे ना, हे विंगेतच विचारावे.

प्रश्न

समजा, एखाद्या कादंबरीत वडील गेल्यावर आई प्रथमच भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देते. ‘तुमच्या लेखनामागची प्रेरणा काय?’ असे विचारले तर लेखक शंभरदा दिलेले उत्तर देईल. ‘आईने घड्याळाला किल्ली दिली ते वाक्य पहिल्या खर्ड्यात होते का?’ असे विचारले तर त्याला लिहिण्याच्या टेबलाशी परत जावे लागते. काय खोडले, कोणी सुचवले, ती आई कोणाची, हे सारे त्यातून निघते. शिवाय ज्याने कादंबरी वाचलेली नाही त्या श्रोत्यालाही घड्याळ डोळ्यांपुढे दिसते.

प्रश्न वीस सेकंदांत संपावा. ‘एक तर मला असं विचारायचं आहे, आणि दुसरं म्हणजे’ अशा जोडप्रश्नातला सोपा भागच पाहुणा उचलतो. उत्तर थांबल्यावर लगेच पुढचे कार्ड काढू नये. तीन-चार सेकंद गप्प राहिले तर बोलणारा बहुधा स्वतःच एक वाक्य आणखी बोलतो, आणि ते वाक्य आधीच्या पाचांहून बरे असते. नवख्या मुलाखतकाराला हे चार सेकंद फार जड जातात. तो त्या जागी ‘क्या बात है!’ म्हणून मोकळा होतो.

इतिहासकार, अर्थतज्ज्ञ, वैज्ञानिक यांच्या बाबतीत प्रश्नांची जात बदलते. ललित लेखकाला प्रसंगावरून विचारावे, अभ्यासकाला पुराव्यावरून: हे कोणत्या कागदावरून कळले, तो कागद खोटा असण्याची शक्यता कशी तपासली, मत कधी बदलले का. संज्ञा पहिल्यांदा येते तेव्हाच अर्थ विचारून घ्यावा. तिसऱ्यांदा आल्यावर विचारला तर श्रोत्यांचा धागा तोवर सुटलेला असतो. मोठ्या आकड्याला ठाण्याचे माप लावून मागावे. ‘इतके हेक्टर’ यापेक्षा ‘मासुंदा तलावाच्या किती पट’ हे शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचते. पाहुणा मराठी बोलत नसेल तर प्रत्येक उत्तराचा अनुवाद करण्यात निम्मा वेळ जातो. हिंदी उत्तरे ठाण्या-वाशीत अनुवादाविना चालतात, इंग्रजी उत्तराचा मुलाखतकाराने दोन वाक्यांत गोषवारा द्यावा.

बैठक व ध्वनी

दोन खुर्च्या समोरासमोर किंवा एका रेषेत नसाव्यात. प्रेक्षकांकडे उघडणाऱ्या पसरट कोनात, दीड मीटर अंतराने ठेवाव्यात. मंडपवाल्याचा लाल मखमली सोफा नाकारावा. तो खोल असतो, पाहुणा त्यात रुततो, पोट दबून आवाज बसतो आणि गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना उठताना हात द्यावा लागतो. हाताची, कडक बैठकीची खुर्ची उत्तम. फुलदाणी टेबलावर ठेवू नये, ती तिसऱ्या रांगेपासून चेहरा झाकते. पाणी पेल्यात द्यावे, प्लॅस्टिकची बाटली माइकजवळ कडकडते.

कॉलर माइक हनुवटीखाली साधारण एक वीत, छातीच्या मध्यावर लावतात. सदऱ्याला तो सरळ बसतो. साडीला लावताना घोळ होतो: पदरावर लावला की पदर सावरताना खरखर, मंगळसूत्राजवळ लावला की प्रत्येक मान वळवण्याला किणकिण. निऱ्या घालून पिन केलेल्या पदराच्या वरच्या घट्ट कडेला तो लावावा, वायर पदराच्या आतून न्यावी, आणि ट्रान्समीटरसाठी, म्हणजे आवाज पाठवणाऱ्या माइकच्या डबीसाठी, कमरेला जागा आहे का हे पाहुण्या बाईंना आदल्या दिवशीच विचारावे. हे काम संयोजकांपैकी एखाद्या बाईंकडे द्यावे. पेन्सिल सेल प्रत्येक सत्राला नवे घालावेत, कारण अर्धे उतरलेले सेल आवाज हळूहळू कमी करत नाहीत, एकदम तोडतात. हातातला माइक जोडीला तयार ठेवावा. तो तोंडापासून चार बोटांवर हवा. छातीशी धरला की साउंडवाला आवाज वाढवतो आणि मग शिट्टी सुरू होते. स्पीकर माइकच्या पुढे, प्रेक्षकांच्या दिशेला असले की शिट्टी टळते. ध्वनिचाचणी रिकाम्या सभागृहात केलेली असते. माणसे भरल्यावर आवाज शोषला जातो, म्हणून पहिली दोन मिनिटे कोणीतरी शेवटच्या रांगेत उभे राहून साउंडवाल्याला खूण करावी.

श्रोत्यांचे प्रश्न

दोन पद्धती आहेत. चिठ्ठ्या मागवल्या की सारखे प्रश्न एकत्र करता येतात, बुजरे लोकही विचारतात, पण गंमत जाते आणि अडचणीची चिठ्ठी संयोजकांनी दाबली अशी कुजबुज होते. माइक फिरवला तर जिवंतपणा येतो, आणि त्याबरोबर ‘माझा प्रश्न नाही, फक्त दोन शब्द’ म्हणणारे गृहस्थही येतात. माइक स्वयंसेवकाने स्वतःच्याच हातात धरावा, श्रोत्याच्या हाती देऊ नये. दोन स्वयंसेवक, दोन बाजू. एकाच्या माइकवर प्रश्न सुरू असताना दुसऱ्याने पुढच्या व्यक्तीजवळ उभे राहावे. जागेवरून ओरडून विचारलेला प्रश्न मुलाखतकाराने पुन्हा उच्चारावा, नाहीतर ध्वनिमुद्रणात नुसते उत्तर उरते. ध्वनिचित्रमुद्रण यूट्यूबवर टाकायचे असल्यास पाहुण्याची लेखी संमती आधी घ्यावी. मानधनाचा आकडा आणि प्रवासाची सोयही त्याच पत्रात लिहावी.

स्वाक्षरी व विक्री

पुस्तकांचे टेबल बाहेर पडण्याच्या वाटेवर हवे. चहाच्या पलीकडे ठेवले की विक्री पडते. ज्या पुस्तकावर बोलणे झाले त्याच्या प्रती नसणे ही नेहमीची चूक आहे, म्हणून प्रकाशकाकडून न विकलेल्या प्रती परत घेण्याच्या बोलीवर जास्तीचा माल आणावा. स्वाक्षरीला माणशी एक मिनिट धरले तर ४० जणांना ४० मिनिटे लागतात, आणि नाट्यगृहाचे प्रवेशदालन तोवर रात्रीच्या प्रेक्षकांनी भरू लागते. रांगेतल्या प्रत्येकाकडून नाव चिठ्ठीवर लिहून घ्यावे. ‘मृण्मयी’ आणि ‘मृण्मयीस’, ‘ऋचा’ आणि ‘रुचा’ यांची चौकशी लेखकाने पेन उचलण्याआधीच झालेली असते. घोडबंदर रस्त्याने बोरिवलीकडे जाणाऱ्या पाहुण्याची गाडी या रांगेच्या शेवटाला धरून सांगावी, मुलाखतीच्या शेवटाला धरून नव्हे.