तलवार पुरी पडेना तेव्हा : गिलोटिनची पार्श्वभूमी

अर्थसंकल्पी अधिवेशनात वेळ संपत आली की लोकसभेत खात्यांच्या खर्चाच्या उरलेल्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकतात. त्याला ‘गिलोटिन’ म्हणतात. कागदाचे गठ्ठे कापणाऱ्या यंत्रालाही छापखान्यात हेच नाव आहे. मुंडकं उडवणाऱ्या ज्या फ्रेंच यंत्रावरून हे नाव आलं, त्याचा जन्म क्रौर्यातून झाला असं आपण धरून चालतो. खरं तर तो समतेच्या एका कायद्यातून आणि एका जल्लादाच्या व्यावसायिक तक्रारीतून झाला.

या गोष्टीचं एक टोक हिंदुस्थानात आहे. १७६० साली वांदिवाशच्या लढाईत इंग्रजांनी फ्रेंच सेनापती लालीचा पराभव केला. गुत्तीकर मुरारराव घोरपड्यांचे मराठे स्वार त्याने मदतीला आणले होते, पण प्रत्यक्ष लढाईत ते बाजूलाच राहिले. पुढच्याच वर्षी पाँडिचेरीही पडली. मायदेशी त्याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला आणि मे १७६६ मध्ये पॅरिसच्या ग्रेव्ह चौकात त्याचा शिरच्छेद झाला. गुडघ्यांवर बसलेल्या, डोळे बांधलेल्या लालीच्या मानेवर पहिला घाव बसला, तो पालथा पडला, पण मुंडकं धडावेगळं झालं नाही. त्यासाठी आणखी तीन-चार घाव लागले. लोकांनी पाहिलं ते शिरच्छेदापेक्षा खाटकाच्या खोडावरच्या कामासारखं होतं.

आणि हा मान होता! तलवारीने मरण्याचा हक्क फक्त उमरावांचा. सामान्य माणसाच्या वाट्याला फास यायचा, दरोडेखोराला चाकावर बांधून हाडं मोडत. कडेलोट, सुळी देणं, हत्तीच्या पायी देणं हे शब्द आपल्याही भाषेत उगाच आलेले नाहीत, पण मरणाच्या तऱ्हेतही जन्माची प्रतिष्ठा फ्रान्सची व्यवस्था काटेकोरपणे सांभाळत होती.

क्रांतीनंतर ऑक्टोबर १७८९ मध्ये डॉ. जोसेफ-इग्नास गियोतां या सभासदाने राष्ट्रीय सभेपुढे प्रस्ताव मांडला : गुन्हा सारखा तर शिक्षाही सारखी, गुन्हेगार कुठल्याही दर्जाचा असो. मुंडकं यंत्राने उडवावं, म्हणजे वेदना होणार नाहीत. डिसेंबरात त्याने उत्साहाच्या भरात ‘माझं यंत्र’ असे शब्द वापरले आणि तिथेच फसला. सभागृह हसलं, त्याच्यावर गाणी रचली गेली आणि यंत्र तयार होण्याआधीच गियोतांचं नाव त्याला चिकटलं (त्याचंच आपल्याकडचं रूप ‘गिलोटिन’). गियोतांने ते बनवलं नाही, त्याचा आराखडाही काढला नाही. मुळात तो मृत्युदंडाच्याच विरोधात होता. त्याचा स्वतःचा शिरच्छेद झाला ही दंतकथा. तो १८१४ मध्ये आजारपणाने वारला.

१७९१ च्या दंडसंहितेत एक छोटं वाक्य आलं : मृत्युदंड झालेल्या प्रत्येकाचं मुंडकं उडवलं जाईल. ‘प्रत्येकाचं’ या शब्दानेच घोळ झाला. पॅरिसचा जल्लाद शार्ल-आंरी सांसों याने सरकारला लेखी कळवलं की हे तलवारीने जमणार नाही. एका शिरच्छेदानंतर धार जाते. माझ्याकडे तलवारी दोनच, प्रत्येकी ६०० लिव्रच्या (लिव्र हे तेव्हाचं फ्रेंच चलन). एकापाठोपाठ अनेकांना आणलं तर रक्त पाहून मागच्यांचा धीर सुटेल, आणि माणूस स्थिर बसला नाही तर घाव नीट बसणारच नाही. कोरडं, कामापुरतं निवेदन आहे हे. गिलोटिनच्या इतिहासात याच्याइतका बोलका कागद मला दुसरा माहीत नाही.

मग सरकारने शस्त्रवैद्यक अकादमीचे सचिव आंत्वान लुई यांना विचारलं. मार्च १७९२ मधल्या त्यांच्या अहवालात लालीच्या मरणाचा दाखला आहे : माणसाच्या हातावर भरवसा ठेवला की असं होतं. इंग्लंडात असं यंत्र वापरतात, हेही त्यांनी नोंदवलं. ते अगदीच खोटं नव्हतं, फक्त जुनं होतं. यॉर्कशायरमधल्या हॅलिफॅक्स गावात साडेतेरा पेन्सचा माल चोरणाऱ्याचं मुंडकं दोन खांबांमधून पडणाऱ्या कुऱ्हाडीखाली जात असे; १६५० पर्यंत हे चाललं. स्कॉटलंडमधल्या एडिंबराचं तसंच यंत्र, ‘मेडन’, १५६४ चं, आजही तिथल्या संग्रहालयात उभं आहे.

सरकारी सुताराने पाच हजार लिव्रच्या वर खर्च सांगितला. टोबियास श्मिट या जर्मन कारागिराने हजाराच्या आत काम करून दिलं. त्याचा मूळ धंदा हार्पसिकॉर्ड ही वाद्यं बनवण्याचा. १७ एप्रिलला बिसेत्रच्या रुग्णालयात प्रेतांवर चाचणी झाली आणि २५ एप्रिल १७९२ रोजी ग्रेव्ह चौकात निकोला-जाक पेल्तिए या दरोडेखोरावर पहिला प्रयोग. गर्दी मोठी जमली होती, पण पातं पडलं आणि सगळं संपलं. बघायला काही उरलंच नाही. लोक नाराज होऊन घरी गेले.

पुढच्या जानेवारीत राजा सोळावा लुई त्याखाली गेला, ऑक्टोबरात राणी, १७९४ च्या जुलैत क्रांतिकारकांचा नेता रोबेस्पिएर. दहशतीच्या त्या काळात सोळा हजारांहून अधिक जणांना रीतसर मृत्युदंड झाला, आणि त्यातले बहुतेक या पात्याखालीच गेले. सांसोंच्या दोन तलवारींना हा आकडा झेपला नसता.

एकोणिसाव्या शतकात सरकारला या देखाव्याची लाज वाटू लागली. गिलोटिन भर चौकातून शहराच्या वेशीवर गेलं, तिथून तुरुंगाच्या दाराशी आलं, वेळ पहाटेची ठरली. १७ जून १९३९ ला व्हर्सायमध्ये ऑयगेन वाइडमान या खुन्याचा शिरच्छेद पाहायला झुंबड उडाली, त्याचं चित्रीकरणही झालं, आणि आठवड्याभरात सरकारने जाहीर शिरच्छेद बंद केले. भिंतीआड मात्र यंत्र चालूच राहिलं. १० सप्टेंबर १९७७ ला मार्सेयच्या तुरुंगात हमिदा जांदुबी त्याखाली गेला, तो शेवटचा. ऑक्टोबर १९८१ मध्ये न्यायमंत्री रोबेर बादँतेर यांच्या कायद्याने मृत्युदंडच रद्द झाला. तोपर्यंत ‘प्रत्येकाचं मुंडकं उडवलं जाईल’ हे वाक्य फ्रान्सच्या दंडसंहितेत कायम होतं.