शब्दांत नसलेला अर्थ

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी अधिकारी एकत्र बसून आखणी करत होते. ब्रिटिशांनी एक टिपण तयार केले आणि ते तातडीचे असल्याने 'टेबल' करू या, असे सुचवले. अमेरिकी अधिकाऱ्यांनी ठाम नकार दिला. इतका महत्त्वाचा विषय टेबल करायचाच नाही, असे त्यांचे म्हणणे. बराच वेळ वाद झाला, आवाज चढले, आणि मग उमगले की दोघांनाही तो विषय लगेच चर्चेला हवा होता. ब्रिटनमध्ये एखादी गोष्ट टेबल करणे म्हणजे चर्चेला घेणे. अमेरिकेत तेच शब्द बासनात गुंडाळून ठेवण्यासाठी वापरतात. चर्चिल यांनी युद्धाच्या आठवणींत ही हकिकत नोंदवून ठेवली आहे.

गंमत अशी की दोन्ही अर्थ सारखेच पटतात. टेबलावर ठेवले म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आले. टेबलावर ठेवले म्हणजे हातातून खाली ठेवले. आपल्याला जो अर्थ आधी ठाऊक असतो, तोच शब्दांत दडलेला होता असे वाटू लागते.

बोआझ कीसार आणि ब्रिजेट ब्लाय या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग याच मुद्द्यावर होता. त्यांनी वापरातून गेलेले जुने इंग्रजी वाक्प्रचार घेतले. उदाहरणार्थ, 'द गूज हँग्ज हाय', म्हणजे शब्दशः 'हंस उंच टांगलेला आहे'. त्याचा खरा अर्थ, सगळे छान चालले आहे. काही जणांना हा अर्थ गोष्टीतून शिकवला आणि काही जणांना याच्या नेमका उलटा. नंतर विचारले, तर प्रत्येकाला आपण शिकलेला अर्थच शब्दांना शोभणारा वाटत होता. एवढेच नव्हे, ज्याने हा वाक्प्रचार कधी ऐकलेला नाही त्यालाही तोच अर्थ लागेल, असा त्यांचा अंदाज होता.

हे वाचल्यावर मी आपल्या 'तोंडाला पाने पुसणे'कडे नव्याने पाहिले. फसवणे हा अर्थ लहानपणापासून इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही अवघड आहे असे कधी जाणवलेच नाही. पण मराठी शिकणाऱ्याला त्या पानांतून फसवणूक कशी दिसावी? इंग्रजी बोलणारा सहज 'आय ॲम अंडर द वेदर' म्हणतो तेव्हा आपली तीच गत होते. त्याला फक्त बरे वाटत नसते. आपण मात्र आभाळाकडे पाहतो. अशा वेळी आपले इंग्रजी कच्चे म्हणून खजील होणारी हुशार मुले मी पाहिली आहेत, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. तो अर्थ शब्दांचे तर्क लावून निघतच नाही. कोणीतरी तो सांगावा लागतो.

ज्याला तो ठाऊक असतो त्याचा मेंदू मात्र विलक्षण वेगाने चालतो. डेव्हिड स्विनी आणि ॲन कटलर यांनी १९७९ साली लोकांना पडद्यावर शब्दसमूह दाखवून 'याला इंग्रजीत अर्थ आहे का?' एवढेच विचारले. समजा, एकीकडे 'ब्रेक द आइस' (संकोच मोडून बोलायला सुरुवात करणे) आणि दुसरीकडे साधे 'ब्रेक द कप'. तर वाक्प्रचारांना होकार लवकर मिळाला. आधी शब्दशः अर्थ लावायचा, तो जुळला नाही की मग लाक्षणिक अर्थाकडे वळायचे, असे असते तर वाक्प्रचाराला जास्त वेळ लागायला हवा होता.

मग शब्दशः अर्थ पूर्ण पुसला जातो का? येथे शास्त्रज्ञांचे एकमत नाही. 'किक' हा शब्द वाचताना मेंदूतला पाय हलवणारा भाग जागा होतो, हे आधी दिसले होते. २००९ मध्ये एका गटाला 'किक द हॅबिट' (सवय सोडणे) अशा वाक्यांतही तशीच हालचाल आढळली. त्याच वर्षी दुसऱ्या गटाला वाक्प्रचारांत ती दिसली नाही.

अर्थ शब्दांत सापडत नाही म्हटल्यावर माणसे गोष्टी रचतात. मुसळधार पावसाला इंग्रजीत 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' म्हणतात. पूर्वी गवती छपरात कुत्री-मांजरे झोपत आणि पावसात घसरून खाली पडत, हे त्याचे कारण म्हणून फार पसरले आहे. त्याला पुरावा नाही. जोनाथन स्विफ्ट यांच्या १७३८ सालच्या लेखनात हा प्रयोग आहे, एवढे पक्के.

काही वाक्प्रचारांना व्याकरणाचा धक्काही सोसत नाही. 'स्पिल द बीन्स' म्हणजे गुपित फोडणे. त्याचे कर्मणी रूप करून 'द बीन्स वेअर स्पिल्ड' म्हटले तरी गुपित फुटलेलेच राहते, कारण घेवड्याचे दाणे गुपिताच्या आणि सांडणे फोडण्याच्या जागी बसते. 'किक द बकेट' म्हणजे मरणे, तेही जरा उद्धटपणे. कोणाच्या दुःखात हे शब्द वापरू नयेत. त्यात मात्र बादली कशाच्याच जागी बसत नाही. म्हणून 'द बकेट वॉज किक्ड' म्हटले की मरण निघून जाते आणि खरीखुरी बादली फरशीवर खणखणत पडते.