अहवालातला रिकामा विभाग

2018 च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी लावलेल्या कॅमेरा ट्रॅपनी (प्राणी समोर आला की आपोआप छायाचित्र घेणाऱ्या कॅमेऱ्यांनी) वन्यप्राण्यांची 3 कोटी 48 लाखांहून अधिक छायाचित्रे टिपली. त्यांपैकी वाघाची छायाचित्रे 76,651 होती, म्हणजे दर हजारी जेमतेम दोन. एवढी छायाचित्रे डोळ्यांनी निवडणे शक्य नसल्यामुळे ती प्रजातीनुसार वेगळी करण्याचे काम संगणकाकडे सोपवले गेले, आणि मग पट्ट्यांची नक्षी ताडून 2,461 निरनिराळे वाघ ओळखण्यात आले.

वन्यजीव निरीक्षणाचा अहवालही आता अनेकदा सॉफ्टवेअरच जुळवते. असा अहवाल सुट्या विभागांचा असतो, आणि प्रत्येक विभागामागे आज्ञावलीचा एक छोटा, स्वतंत्र तुकडा असतो: कॅमेरे कुठे व किती रात्री चालू होते, कोणत्या प्रजाती दिसल्या, वाघ किती ओळखले, त्यांची घनता किती, जंगलात माणसांचा व गुरांचा वावर किती. साचा एकच ठेवून त्यात ताडोबाची माहिती भरली की ताडोबाचा अहवाल तयार होतो आणि मेळघाटची भरली की मेळघाटचा. मात्र सुंदरबनच्या दलदलीत ट्रान्झेक्ट लाइनवर, म्हणजे प्राण्यांच्या पाहणीसाठी आखलेल्या सरळ रेषेवर, पायी चालणे शक्य नसते. तिथे तो विभाग काढून खाड्यांमधून होडीने केलेल्या पाहणीचा विभाग जोडावा लागतो. विभाग सुटे ठेवण्याचा खरा उपयोग अशा वेळी होतो.

पण सुटे असले तरी हे विभाग एकमेकांना परके नसतात. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसल्यामुळे वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे लावतात. त्यांपैकी एक बंद पडला, तर एकाच वाघाच्या दोन कुशी दोन वेगळे वाघ म्हणून नोंदल्या जाण्याचा धोका असतो. पुढे जाणकाराने ही चूक पकडली आणि समजा 41 चे 40 वाघ झाले, तर घनतेचा विभाग, नकाशा आणि सुरुवातीचा सारांश या तिन्ही ठिकाणी तो बदल पोहोचला पाहिजे. त्यासाठी आकडा एकाच तक्त्यात राहावा आणि प्रत्येक विभागाने तो तिथूनच उचलावा. सारांशात हाताने लिहिलेला आकडा पुढच्या दुरुस्तीपर्यंतच खरा असतो.

गुप्ततेचेही तसेच आहे. शिकारीच्या भीतीमुळे कॅमेऱ्यांची नेमकी ठिकाणे लोकांसाठीच्या आवृत्तीत देता येत नाहीत. त्यासाठी नुसता नकाशाचा विभाग वगळला, तर परिशिष्टाच्या तक्त्यात अक्षांश-रेखांश तसेच राहू शकतात. म्हणून विभाग तयार होण्याआधी, मूळ माहितीतूनच ते गाळणे हा खात्रीचा मार्ग आहे.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मात्र रिकामा विभाग. समजा, रानकुत्र्यांच्या विभागासाठी एकही छायाचित्र आले नाही. तक्ता रिकामा असेल तर तो विभाग छापूच नये, अशी सोय आज्ञावलीत सहज करता येते आणि अहवालही त्यामुळे नीटनेटका दिसतो. वाचणाऱ्याला मात्र रानकुत्रे शोधले पण दिसले नाहीत, शोधलेच नाहीत, की त्या परिक्षेत्रातली मेमरी कार्डे अजून कार्यालयात पोहोचली नाहीत, हे कळायला काहीच मार्ग उरत नाही. या तीन स्थितींचे अर्थ पूर्णपणे वेगळे आहेत.

पहिल्या स्थितीतही ‘दिसला नाही’ म्हणजे ‘नाही’ असे म्हणता येत नाही. एखाद्या ठिकाणी वावरणारा प्राणी कॅमेऱ्यासमोर येण्याची शक्यता दर रात्री 2 टक्के धरली, तर 25 रात्रींत तो एकदाही न टिपला जाण्याची शक्यता सुमारे 60 टक्के निघते. तोच कॅमेरा 100 रात्री चालला, तर ती 13 टक्क्यांवर येते. म्हणजे शून्याला किती वजन द्यायचे, हे किती रात्री पाहिले यावर ठरते, आणि विभाग गळला की तो हिशेबही त्याच्याबरोबर नाहीसा होतो.

राजस्थानातील सरिस्कामध्ये पाऊलखुणांवरून केलेल्या मोजणीनुसार 2004 पर्यंत वाघ असल्याचे कागदोपत्री दिसत होते. 2005 मध्ये तिथे एकही वाघ उरला नसल्याचे स्पष्ट झाले. त्या अनुभवानंतर देशभरात पाऊलखुणांवरची मोजणी मागे पडली आणि कॅमेरा ट्रॅपवर आधारलेली पद्धत आली. नव्या पद्धतीत प्रत्येक कॅमेरा किती रात्री चालला याची नोंद हाताशी असते, तेव्हा ती अहवालात उतरवायला सॉफ्टवेअरला एकच ओळ जास्त छापावी लागते. विभाग रिकामा असला तरी त्याचे शीर्षक राहू द्यावे आणि त्याखाली अशी ओळ यावी: ‘रानकुत्रा: छायाचित्र नाही. 40 ठिकाणी 25 रात्री, एकूण 1,000 कॅमेरा-रात्री. त्यांपैकी 140 रात्री कॅमेरे बंद.’