निर्दोष, तरीही बंदिस्त: मनोरुग्ण आरोपींविषयीच्या कायद्याची पार्श्वभूमी

मनोरुग्ण व्यक्तीच्या हातून गंभीर गुन्हा घडला की न्यायालयापुढे दोन प्रश्न उभे राहतात. तिला दोषी धरता येईल काय, हा पहिला. आणि दोषी धरता येत नसेल तर तिचे पुढे काय करायचे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचा कायद्याने दोन शतके कसून विचार केला आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र १८०० मध्ये इंग्लंडमध्ये घाईघाईने दिले गेले आणि त्या उत्तराचा वारसा भारताच्या तुरुंगांनी फार काळ वाहिला.

१५ मे १८०० रोजी लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात जेम्स हॅडफिल्ड या माजी सैनिकाने राजा तिसरा जॉर्ज याच्यावर गोळी झाडली. फ्रान्सविरुद्धच्या युद्धात त्याच्या डोक्यावर तलवारीचे खोल घाव बसले होते आणि सरकारच्या हातून आपल्याला मरण आले तरच जगाचा उद्धार होईल, अशी त्याची ठाम समजूत झाली होती. त्याचे वकील टॉमस अर्स्किन यांनी या भ्रमाचा आणि त्या जखमांचा संबंध ज्यूरीपुढे मांडला, आणि हॅडफिल्ड निर्दोष ठरला. मात्र राजावर गोळी झाडणारा माणूस मोकळा सुटणार या विचाराने राज्यकर्ते हादरले. त्याच वर्षी संसदेने कायदा केला की वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरलेल्या आरोपीला राजाची मर्जी होईपर्यंत बंदोबस्तात ठेवावे, आणि तो पूर्वलक्षी प्रभावाने हॅडफिल्डलाही लावला. १८४१ मध्ये बेथलेमच्या वेड्यांच्या इस्पितळात त्याचा मृत्यू झाला. शिक्षेला निदान मुदत असते; या बंदिवासाला ती नव्हती.

दुसरे वळण १८४३ चे. डॅनियल मॅकनॉटन या स्कॉटिश कारागिराला सत्ताधारी टोरी पक्ष आपला सतत छळ करतो आहे असे वाटत असे. पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे खासगी सचिव एडवर्ड ड्रमंड यांना त्याने लंडनमध्ये गोळी घातली आणि काही दिवसांनी ते मरण पावले. मॅकनॉटनही निर्दोष सुटला, तेव्हा संतापाची लाट उसळली. त्यापूर्वी तीनच वर्षे आधी राणी व्हिक्टोरियावर गोळी झाडणारा आरोपीही याच कारणावरून शिक्षेतून सुटला होता. त्यामुळे उमरावांच्या सभागृहाने न्यायाधीशांना पाच प्रश्न विचारले, आणि त्यांच्या उत्तरांतून निघालेला निकष पुढे जगभर पसरला. मनोविकारामुळे आपण काय करतो आहोत हे आरोपीला कळत नव्हते, किंवा ते चूक आहे हे कळत नव्हते, असे सिद्ध झाले तरच त्याला बचाव मिळतो.

भारतीय दंड संहितेचे कलम ८४ याच घडणीचे होते. १८६० मध्ये मंजूर होऊन १८६२ पासून लागू झालेल्या या संहितेने कृत्याच्या क्षणी आरोपीची जाणण्याची क्षमता होती काय, एवढेच विचारले. स्वतःला आवरण्याची क्षमता होती काय, हे विचारले नाही. कानात सतत आज्ञा देणारे आवाज ऐकू येणारा, कृत्य वाईट आहे हे कळूनही त्या आवाजांपुढे हतबल झालेला रुग्ण या चौकटीत सहजासहजी बसत नाही. ‘वैद्यकीय वेड’ आणि ‘कायदेशीर वेड’ वेगळे, असे न्यायालये वारंवार सांगतात ते यामुळेच. १९६४ मध्ये दह्याभाई ठक्कर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एवढा दिलासा दिला की वेडाचा बचाव आरोपीने निःसंशय सिद्ध करण्याची गरज नाही. शक्यतेचे पारडे त्याच्या बाजूने झुकले तरी पुरे.

तो क्षण वर्षांनंतर कसा तपासला जातो, हे महाराष्ट्रातील एका पोलीस शिपायाच्या खटल्यात दिसते. १९९४ मध्ये त्याने पत्नीच्या डोक्यात दगड घालून तिचा जीव घेतला आणि खालच्या न्यायालयांनी त्याला खुनी ठरवले. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचा (संशय आणि भ्रम निर्माण करणाऱ्या तीव्र मनोविकाराचा) इतिहास, वडिलांचा मानसिक आजार, हेतूचा दुबळेपणा आणि दिवसाढवळ्या हत्या करूनही लपण्याचा वा पळण्याचा प्रयत्न न करणे हे सारे एकत्र पाहून त्याला कलम ८४ चा लाभ दिला. मनोरुग्ण मनाविषयी आपल्या न्यायसंस्थेने दाखवलेली ही मोलाची समज आहे, असे मला वाटते.

निकालानंतरच्या टप्प्यावर मात्र ही समज आढळत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरलेल्या आरोपीला सुरक्षित ताब्यात ठेवायचे किंवा हमी घेऊन नातेवाइकांच्या हवाली करायचे असे, आणि त्याच्यापासून स्वतःला वा इतरांना धोका नाही असे प्रमाणपत्र मिळाल्यावर सुटकेचा विचार होई. प्रमाणपत्र कोणी मागितलेच नाही आणि नातेवाईक आलेच नाहीत, तर काय? वीणा सेठी प्रकरणात १९८२ मध्ये उघड झाले की बिहारच्या हजारीबाग तुरुंगात काही माणसे बरी होऊनही दोन-तीन दशके अडकून पडली होती. आसाममध्ये १९५१ साली अटक होऊन तेजपूरच्या मनोरुग्णालयात गेलेला एक माणूस १९६७ मध्ये बरा ठरला. पण घरी जाण्याऐवजी तुरुंगात गेला आणि २००५ मध्ये सुटला. पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की कोणताही गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात डांबणे बेकायदा आणि घटनाबाह्य आहे. ‘सार्वजनिक सुरक्षिततेसाठी’ म्हणून ज्यांना आत ठेवले होते, त्यांतल्या अनेकांनी कोणाला इजाही केली नव्हती.

मनोरुग्ण हिंसक असतात, ही भीती मुळात कितपत खरी, याचा शोध अमेरिकेत मॅकआर्थर अभ्यासाने घेतला. तीन शहरांतल्या इस्पितळांतून सोडलेल्या हजाराहून अधिक रुग्णांवर लक्ष ठेवल्यावर आढळले की जे दारू वा अमली पदार्थांच्या आहारी गेलेले नव्हते, ते तसेच निर्व्यसनी असलेल्या शेजाऱ्यांपेक्षा अधिक हिंसक नव्हते. भारतातील कायद्याची भाषाही बदलत गेली. १९१२ च्या कायद्याने रस्त्यावर भटकणाऱ्या ‘वेड्या’ला अटक करण्याचा अधिकार पोलिसांना दिला होता, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १०० ने त्याच पोलिसांवर अशा व्यक्तीला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत नेण्याचे कर्तव्य टाकले आणि तिला कोठडीत ठेवण्यास मनाई केली. प्रत्येक राज्यातील किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र असावे, असे कलम १०३ सांगते.

खटला चालू असतानाच्या टप्प्यावरही २००८ च्या दुरुस्तीने सुधारणा झाली: आरोपीला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणे आणि प्रथमदर्शनी पुरावा नसेल तर सोडून देणे तेव्हापासून फौजदारी प्रक्रिया संहितेतच आले. २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान खटल्यात मनोविकार हे फाशी रद्द करण्याचे कारण ठरले, आणि २०१९ मध्ये शिक्षा झाल्यानंतर जडलेल्या गंभीर आजाराचाही विचार करावा असे न्यायालयाने मान्य केले.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिचे कलम २२ म्हणजे जवळजवळ जसेच्या तसे जुने कलम ८४ आहे, आणि निर्दोष ठरलेल्याला सुरक्षित ताब्यात ठेवण्याची तरतूदही नव्या प्रक्रिया संहितेत कायम आहे. त्या ताब्याचा न्यायालयाने ठराविक काळाने आपणहून फेरआढावा घ्यावा, कोणी अर्ज करो वा न करो, ही साधी अट मात्र त्यात घातली गेलेली नाही.