'द अल्ट्रा-व्हायोलन्स': डेथ एंजलच्या पहिल्या अल्बममागची पाच वर्षे

एप्रिल १९८७ मध्ये थ्रॅश मेटल, म्हणजे अतिवेगवान, आक्रमक हेवी मेटल, वाजवणाऱ्या सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरातील दोन बँडांचे पहिले अल्बम एकाच महिन्यात बाजारात आले. त्यांपैकी एक होता टेस्टामेंटचा 'द लेगसी' आणि दुसरा डेथ एंजलचा 'द अल्ट्रा-व्हायोलन्स'. पहिल्याविषयी पुष्कळ लिहिले-बोलले गेले. दुसऱ्याचा उल्लेख मात्र बहुतेक वेळा एकाच वाक्यात उरकला जातो आणि तेही वाक्य ड्रमरच्या वयाबद्दल असते. ध्वनिमुद्रणाच्या वेळी अँडी गॅलिऑन अवघा चौदा वर्षांचा होता आणि बँडमधील एकानेही विशी ओलांडलेली नव्हती. ही माहिती खरी आहे, परंतु तिने या अल्बमचे नुकसानच अधिक केले, असे मला वाटते. मुलांच्या वयाचे कौतुक करून झाल्यावर त्यांनी रचलेले संगीत नीट ऐकायचे राहूनच जाते.

हा अल्बम निघाला तेव्हा बँडला पाच वर्षे झाली होती. १९८२ मध्ये रॉब कॅव्हेस्टनी, डेनिस पेपा, गस पेपा आणि अँडी गॅलिऑन एकत्र वाजवू लागले, तेव्हा गॅलिऑन दहा वर्षांचा होता. हे सगळे नात्याने एकमेकांचे भाऊ होते. गाण्याची जबाबदारी सुरुवातीला बेस वाजवणारा डेनिस पेपाही सांभाळत असे. याच गोतावळ्यातील, थोड्या दूरच्या नात्याचा मार्क ओसेगेडा आधी बँडचे सामान वाहण्याच्या आणि लावण्याच्या कामात होता. १९८४ मध्ये तो गायक म्हणून पुढे आला आणि संच पूर्ण झाला. पहिला अल्बम म्हटला की नवखेपणा गृहीत धरला जातो. येथे मात्र त्या अल्बममागे पाच वर्षांची तालीम होती, आणि ती एकाच घरोब्यातील मुलांनी शाळा सांभाळून केलेली होती. घरच्या माणसांबरोबर वाजवताना जी लय न बोलता जुळते, ती या अल्बममध्ये जागोजागी ऐकू येते.

हे कुटुंब फिलिपिनो वंशाचे आहे. फिलिपिन्स १८९८ पासून १९४६ पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात होते, त्यामुळे तेथील लोकांचा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याशी संबंध जुना आहे. मात्र सहकुटुंब स्थलांतराची मोठी लाट आली ती १९६५ च्या अमेरिकी इमिग्रेशन कायद्यानंतर. याच कायद्याने देशनिहाय कोट्याची जुनी पद्धत मोडीत काढली आणि त्याच दारातून पुढे आपल्याकडचे मराठी डॉक्टर व इंजिनिअरही अमेरिकेत गेले. कॅलिफोर्नियात, विशेषतः सॅन फ्रान्सिस्कोला लागून असलेल्या डेली सिटीसारख्या गावांत, फिलिपिनो कुटुंबांची दाट वस्ती झाली. नात्यातील माणसे जवळजवळ राहत असल्यामुळे मुले एकत्र वाढत. डेथ एंजलचा जन्म अशा भावंडांच्या सहवासातून झाला. त्या काळात गोऱ्या मुलांचे समजल्या जाणाऱ्या संगीतात फक्त फिलिपिनो वंशाच्या तरुणांचा बँड उभा राहणे ही साधी गोष्ट नव्हती, आणि तिची दखल व्हायला हवी तेवढी झालेली नाही.

या मुलांच्या सुदैवाने त्याच वर्षांत त्यांच्या दारातच एक नवे संगीत आकार घेत होते. ब्रिटिश हेवी मेटलच्या नव्या लाटेतील गिटारचे सूर आणि हार्डकोर पंकचा वेग यांच्या मिश्रणातून थ्रॅश मेटल घडत होते. बेसवादक क्लिफ बर्टनला बँडमध्ये घेण्यासाठी मेटॅलिकाने १९८३ च्या सुरुवातीला लॉस एंजेलिस सोडून उपसागराच्या परिसरात मुक्काम हलवला. एक्झोडस तेथे आधीपासून होताच. बर्कलीतील रूथीज इनसारख्या छोट्या क्लबांत या बँडांचे कार्यक्रम होत आणि श्रोते व वादक यांच्यातील अंतर जवळपास मिटलेले असे. ओसेगेडाने गायक म्हणून केलेल्या पहिल्या कार्यक्रमात डेथ एंजलने मेगाडेथच्या आधी वाजवले. मेगाडेथचेही ते अगदी सुरुवातीचे दिवस होते आणि त्यांच्याकडून गिटार वाजवायला स्लेयरचा केरी किंग उभा होता. पुढे जगभर नाव झालेली माणसे या मुलांनी चार हातांवरून पाहिली होती.

१९८५ मध्ये 'किल अ‍ॅज वन' ही डेमो, म्हणजे नमुन्यादाखलची, कॅसेट तयार झाली आणि तिची निर्मिती केली मेटॅलिकाचा गिटारवादक कर्क हॅमेट याने. हॅमेटची आई फिलिपिनो आहे, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. त्या काळी थ्रॅशचा प्रसार रेडिओवरून होत नव्हता. चाहते एकमेकांना टपालाने कॅसेट पाठवत, मिळालेल्या कॅसेटची घरी नक्कल करत आणि ती पुढे धाडत. प्रत्येक नकलेगणिक आवाज अधिक खरखरीत होई, तरी गाणी पोचत. ही डेमो अशीच दूरवर गेली. एकही रेकॉर्ड निघालेली नसताना न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या कार्यक्रमांत समोरचे श्रोते बँडबरोबर शब्द म्हणू लागले. एनिग्मा रेकॉर्ड्सने बँडशी करार केला, तेव्हा ही गाणी लोकांसमोर वाजून वाजून पक्की झालेली होती.

अल्बमचा निर्माता होता डेव्ही व्हेन. त्यात आठ रचना आहेत. सुरुवातीचे 'थ्रॅशर्स' सात मिनिटांहून लांब आहे, आणि कोवळ्या वयाच्या बँडने श्रोत्याला पहिल्याच गाण्यात इतका वेळ थांबवून धरावे, यातून त्यांचा आत्मविश्वास कळतो. 'ईव्हिल प्रीस्ट', 'व्होरेशस सोल्स', 'मिस्ट्रेस ऑफ पेन' आणि 'फायनल डेथ' ही गाणी वेगवान आहेत, पण वेग हेच त्यांचे सगळे भांडवल नाही. गिटारवादक कॅव्हेस्टनीच्या रचनांत एक रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट) कानात बसू लागताच दुसरा येतो, मग पहिला बदललेल्या तालावर परततो आणि मधल्या वळणांवर दोन गिटार व ड्रम एकाच श्वासात थांबतात व सुटतात. ओसेगेडाचा आवाज त्या काळच्या थ्रॅश गायकांपेक्षा वरच्या पट्टीत सहज चढतो. शेवटची तीक्ष्ण किंकाळी तो सुरात घेतो.

या अल्बमचे मर्म मात्र शीर्षक-रचनेत आहे. ती दहा मिनिटांहून लांब आहे आणि तिच्यात गायन नाही. मेटॅलिकाने १९८४ मध्ये 'द कॉल ऑफ क्टुलू' आणि १९८६ मध्ये 'ओरायन' या आठ मिनिटांहून लांब वाद्यरचना केल्या होत्या, म्हणजे वाट नवी नव्हती. त्या वाटेने जाताना आपल्या पहिल्याच अल्बमचे नाव एका शब्दहीन रचनेला देणे आणि तिला अल्बमच्या मध्यावर बसवणे, हे धाडस मात्र या मुलांचे स्वतःचे होते. दहा मिनिटे गायकाच्या आधाराविना श्रोत्याचे लक्ष टिकवायचे, तर रिफ सुचणे पुरेसे नसते, कोणता रिफ किती वेळा यावा आणि केव्हा सोडावा हे कळावे लागते. ध्वनिमुद्रण काहीसे पातळ आहे, हे मान्य करायला हवे, आणि तरीही मला ही रचना त्या दशकातील थ्रॅशच्या उत्तम वाद्यरचनांपैकी एक वाटते.

अल्बम मागे पडण्यास त्याच्या काळातील गर्दीही कारणीभूत झाली. १९८६ या एकाच वर्षात मेटॅलिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स', स्लेयरचा 'रेन इन ब्लड' आणि मेगाडेथचा दुसरा अल्बम आला होता. १९८७ च्या मार्चमध्ये अ‍ॅन्थ्रॅक्सचा 'अमंग द लिव्हिंग' आला. ज्यांना पुढे 'बिग फोर' म्हटले गेले, त्या चार बँडांची जागा तेव्हाच ठरत चालली होती. टेस्टामेंटच्या मेगाफोर्स या लेबलमागे, म्हणजे रेकॉर्ड कंपनीमागे, अ‍ॅटलांटिक या मोठ्या कंपनीची वितरणव्यवस्था होती, तर एनिग्मा हे स्वतंत्र लेबल होते. शिवाय डेथ एंजलने स्वतःची नक्कल करण्याचे नाकारले. १९८८ चा 'फ्रॉलिक थ्रू द पार्क' वेगळ्या वाटेने गेला आणि १९९० मध्ये मॅक्स नॉर्मनच्या निर्मितीखाली गेफेन या लेबलसाठी केलेला 'अ‍ॅक्ट थ्री' अधिकच निराळा, कसदार निघाला. पुढचे काम इतके बदलत गेल्यामुळे पहिला अल्बम एकटा पडला.

'अ‍ॅक्ट थ्री' नंतरच्या दौऱ्यात, १९९० च्या अखेरीस, लास व्हेगासकडे जाताना अ‍ॅरिझोनात बँडच्या बसला अपघात झाला. गॅलिऑनला गंभीर इजा झाली आणि त्याला बरे होण्यास वर्षाहून अधिक काळ लागला. तात्पुरता ड्रमर घेऊन दौरे चालू ठेवावेत, असा लेबलचा आग्रह होता. भावाच्या जागी दुसऱ्याला बसवण्यास बँडची तयारी नव्हती. ओसेगेडा न्यूयॉर्कला निघून गेला आणि १९९१ मध्ये बँड थांबला. त्याच वर्षी स्लेयर, मेगाडेथ आणि अ‍ॅन्थ्रॅक्स यांच्याबरोबर 'क्लॅश ऑफ द टायटन्स' या अमेरिकेतील मोठ्या दौऱ्यात त्यांना स्थान होते, ते अ‍ॅलिस इन चेन्सला मिळाले. उरलेल्या चौघांनी द ऑर्गनायझेशन या नावाने काही वर्षे वेगळे संगीत केले.

ऑगस्ट २००१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'थ्रॅश ऑफ द टायटन्स' हा मदतनिधीचा कार्यक्रम झाला. कर्करोगाशी झुंजणारा टेस्टामेंटचा चक बिली आणि डेथ या बँडचा चक शुल्डिनर यांच्यासाठी जुने बँड पुन्हा मंचावर आले. गस पेपा वगळता मूळ संचातील सारे तेथे एकत्र वाजले आणि त्यातून बँडचे दुसरे आयुष्य सुरू झाले. गॅलिऑन आणि डेनिस पेपा २००९ पर्यंत बाहेर पडले. 'ह्यूमॅनिसाइड' या गाण्यासाठी बँडला ग्रॅमीचे पहिले नामांकन मिळाले, तो पुरस्कार-सोहळा जानेवारी २०२० मध्ये झाला. तोवर 'द अल्ट्रा-व्हायोलन्स' वाजवणाऱ्या पाच जणांपैकी कॅव्हेस्टनी आणि ओसेगेडा हे दोघेच बँडमध्ये राहिले होते, आणि चौदा वर्षांच्या मुलाने बसवलेले ते ताल आता विल कॅरॉल वाजवत होता.