गुळाने छातीतलं पीठ निघत नाही

सोलापुरातल्या बेकऱ्यांत अजून सांगतात: पीठ खायचीच वस्तू, नाकात गेलं तरी बाधत नाही, रात्री गुळाचा खडा खाल्ला की छाती साफ. अहो, गूळ जातो पोटात, पीठ फुफ्फुसात! गव्हाची प्रथिनं आणि इम्प्रूव्हरमधलं (पाव चांगला व्हावा म्हणून पिठात घालतात ती पूड) अमायलेज हे एन्झाइम यांची अ‍ॅलर्जी काही महिन्यांनी, कधी वर्षांनी जडते. आधी शिंका, मग दमा. सुट्टीत बरं आणि कामावर येताच छाती भरते? डॉक्टरांना काम काय करता तेही सांगा.

पोतं उंचावरून ओतू नका; पोत्याचं तोंड मिक्सरच्या तळाशी नेऊन सावकाश सोडा. झाकण लावा, पीठ भिजेपर्यंत मशीन हळू चालवा. रिकामं पोतं झटकू नका, गुंडाळा. झाडूऐवजी ओलं फडकं. रुमालातून बारीक पीठ आत जातंच, एन-९५ घट्ट बसवा. कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झाडणं तर सगळ्यात वाईट.